गलबतावरच्या भंडाऱ्याचं गाणं

बहरीनच्या जिदहफ्समधलं माझं दुकान एवढं लहान आहे की गिऱ्हाईक आत आलं की मला बाहेर उभं राहून बोलावं लागतं. लग्नाकार्याला साउंड भाड्याने देणं आणि बिघडलेली यंत्रं दुरुस्त करणं हा माझा धंदा. मी उघडून बघितलं नाही असं यंत्र या बेटावर उरलेलं नाही. जोडल्यावर ते चालू झालं का, हा प्रश्न वेगळा. मी थोडं वाढवून सांगतो हे आधीच कबूल करून टाकतो. रत्नागिरीकडे खाडीच्या तोंडावर आमचं गाव आहे, तिथे सरळ सांगणाऱ्या माणसाला कुणी ओटीवर बसवून घेत नाही. घरात आम्ही कोकणी बोलतो. ती इथे थोडी इस्त्री करून लिहितो आहे, तरी एखादी चुणी राहील.

तर एका शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाल्यावर दोन गडी दुकानात आले. पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियाचे. थोरला इतका उंच की त्याने खाली बसल्या बसल्या माझा छताचा पंखा हाताने थांबवला. त्याच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. मला वाटलं आजारी मूल आणलंय, आणि मी सांगणारच होतो की बाबा, मी स्पीकरचा डॉक्टर आहे. त्याने चादर सोडली तर आत भोपळा. आपल्या तंबोऱ्याच्या भोपळ्याचा थोरला भाऊ म्हणा; अर्धा कापलेला, तोंडावर गाईचं कातडं ताणलेलं, वर लांब दांडा आणि दोन्ही बाजूंनी मिळून एकवीस तारा. त्याला ते कोरा म्हणतात.

थोरला एका मॉलच्या दारावर सिक्युरिटी गार्ड होता. धाकटा हॉटेलच्या लाँड्रीत. नात्याने आते-मामे भाऊ. त्यांच्याकडे अशी रीत आहे की आते-मामे भावांनी एकमेकांचा भरपूर पाणउतारा करायचा आणि कुणी राग धरायचा नाही.

"याचं काही ऐकू नका," धाकटा मोडक्या हिंदीत म्हणाला. "हा दिवसभर काचेच्या दाराला सलाम करतो."

"आणि हा दिवसभर लोकांच्या चादरी धुतो," थोरला म्हणाला. "म्हणून याच्या तालाला साबणाचा वास येतो."

दोघं मिळून वाजवायचे. थोरला त्याच्या पणजोबाच्या पणजोबापासून आलेले सूर कोऱ्यावर धरायचा आणि धाकटा लॅपटॉपवर त्याखाली नाचाचा ताल घालायचा. अडचण ही की ताल सुरू झाला की कोरा ऐकूच येत नसे. मी एका जुन्या दारघंटीतली पितळी चकती काढली, कोऱ्याच्या तारा टेकतात त्या घोडीखाली चिकटवली, वायर स्पीकरला ओढली आणि म्हणालो, "यल्ला, चल वाजव." त्याने दोन्ही अंगठे फिरवले. खरं सांगतो, रस्त्यावरच्या गाड्या थांबल्या. सिग्नल लाल होता हे नंतर कळलं.

तेव्हापासून दर शुक्रवारी ते माझ्या गच्चीवर, पाण्याच्या टाक्यांच्या सावलीत तालीम करू लागले. दमट दिवसांत कातडं ढिलं पडायचं आणि थोरला अर्धी दुपार सूर लावण्यात घालवायचा. तारा म्हणजे मासेमारीची नायलॉनची दोरी, ज्याला आम्ही तंगूस म्हणतो. कोणत्या माशाला कोणती जाडी हे मला लहानपणापासून ठाऊक. त्यामुळे तार तुटली की दुकानातून आणायला मीच जायचो. वर थोरल्याचा कोरा घड्यातून पाणी ओतावं तसा वाहायचा, खालून धाकट्याचा ताल असा यायचा की गल्लीतल्या बेकरीवाल्याला पीठ भिजवून ठेवावं लागत नसे, ते आपोआप फुगायचं. त्या गच्चीवर मी पन्नाशीत नाचलो आहे. साक्षीदार मफी, म्हणजे कुणी नाही.

एका शुक्रवारी थोरला म्हणाला, "तू आमचं इतकं केलंस. मी तुझं गाणं करणार."

"माझं काय गाणं? सोल्डरिंगचं?"

"तुझं म्हणजे तुझ्या बापाचं. माणसाचं गाणं बापापासून सुरू होतं. सांग."

तो जाली होता. जाली म्हणजे त्यांच्याकडचे भाट म्हणा. लोकांचे बापजादे लक्षात ठेवायचे, बारशाला, लग्नाला ते गाऊन सांगायचे, हेच घराण्याचं काम. तो समोर बसून कोऱ्यावर हात ठेवून वाट बघत होता, आणि मला फक्त एक शब्द सांगायचा होता. भंडारी. माझे अब्बा मालवाहू गलबतावर भंडारी होते. भंडारी म्हणजे जहाजावरचा स्वयंपाकी. भात रांधायचा, मासे चिरायचे, टोप घासायचे. उभी हयात त्यांनी समुद्रावर काढली, पण सुकाणूला त्यांचा हात कधी लागला नाही.

मी तोंड उघडलं आणि आतून नाखवा बाहेर आला. नाखवा म्हणजे गलबताचा धनी, कप्तान. आणि एकदा नाखवा बाहेर आल्यावर त्याच्यामागून वादळ आलं, डोलकाठी मोडली, अब्बांनी सगळ्या खलाशांना लुंग्या सोडायला लावून त्यांचं शीड शिवलं, मागून एक देवमासा गलबताला ढकलत होता, आणि सात दिवसांनी सोळा उघडे खलाशी घेऊन माझा बाप इथे बहरीनला, मनामाच्या बंदरात ताठ उभा राहून शिरला.

धाकटा पोट धरून हसत होता. थोरला हसला नाही. त्याने विचारलं, "खरं?"

मी मान हलवली. शपथ घेतली नाही, तेवढी लाज होती.

गाणं झालं. काय झालं म्हणून सांगू. त्यांच्या भाषेत, पण मध्ये मध्ये धाकट्याने माझाच आवाज घातला होता; मी गच्चीवरून "नाखवा हो" अशी लांब हाक मारली होती, ती त्याने कापून, ताणून तालावर बसवली. आमच्या कोकणी लोकांचा हिवाळ्यातला मेळावा हमद टाउनमधल्या एका हॉलमध्ये होता. साउंड माझाच, म्हणून मी या दोघांना तिथे घुसवलं. गाण्याआधी माइकवर मी लुंग्यांची गोष्ट सांगितली. मग ताल सुटला आणि सगळा हॉल उठला. रायगडवालेसुद्धा नाचले, लग्नात स्वतःच्या वरातीत न हलणारी माणसं ती. पोरं इंग्रजीत विचारत होती, अंकल, हे कुठे मिळेल. मी छाती काढून फिरत होतो.

हॉलमध्ये माझ्या गावचे दोघे होते. त्यांनी काही म्हटलं नाही. त्यांनी व्हिडिओ काढला.

चार दिवसांनी भावाचा फोन आला. तो गावीच असतो, अब्बांना तोच बघायचा. म्हणाला, "काय रे, अब्बा नाखवा कधी झाले?"

मी हसलो. तो हसला नाही. मोहल्ल्यातल्या प्रत्येक फोनवर ते गाणं गेलं होतं. मशिदीत वजू करताना, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुताना, म्हातारे अब्बांना म्हणत होते, "या नाखवा, लुंगी सांभाळा." त्यातले दोघे अब्बांच्याच गलबतावर खलाशी होते, त्यांच्याच हातचं खाऊन मोठे झालेले. अब्बा संध्याकाळी धक्क्यावर जाऊन बसत, ते आता जात नव्हते.

"फोन दे त्यांना," मी म्हणालो.

अब्बांनी फोन घेतला. त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग म्हणाले, "गाणं ऐकलं. चांगलं हाय."

"अब्बा, ते जरा गंमत म्हणून."

"चांगलं हाय," ते पुन्हा म्हणाले. "कुणाच्या बापाचं हाय ते?"

टोमणा असता तर मी पेलला असता. टोमण्याला टोमणा देण्यात आमच्या घरात माझा हात कुणी धरत नाही. पण ते खरोखरच विचारत होते. व्हिडिओत माझा आवाज ओळखीचा होता आणि बाप अनोळखी होता. त्यांनी फोन भावाकडे दिला.

पुढच्या शुक्रवारी मी गच्चीवर थोरल्याला खरं सांगितलं. त्याने कोरा मांडीवरून खाली ठेवला.

"तोंडाची थाप वाऱ्यावर जाते," तो म्हणाला. "तारेवर चढवलेली जात नाही. माझ्या बापाने आयुष्यात एकही बाप खोटा गायला नाही. तू मला एका दुपारीत गायला लावलंस."

धाकट्याने नेहमीसारखं चिडवून बघितलं, "चादरी धुतात तसं धुऊन काढू." थोरल्याने त्याच्याकडे नुसतं बघितलं. रीत असूनही त्या दिवशी कुणी कुणाचा पाणउतारा केला नाही.

"मग आता काय करायचं?" मी विचारलं.

"खरं गाणं करायचं. ज्या लोकांसमोर खोटं गायलं त्याच लोकांसमोर उभं राहून सांगायचं, मग हे गायचं. आणि बाप जिवंत आहे तोवर करायचं, त्याच्या कानावर पडेल असं." त्याने कोरा पुन्हा उचलला. "सांग. तो काय रांधायचा? हलत्या जहाजावर चूल कशी ठेवायचा? जेवण झालं की हाक कशी मारायचा? स्वतः कधी जेवायचा?"

यातलं मला काहीही ठाऊक नव्हतं. नाखव्याच्या एकेका लुंगीचा रंग मी सांगू शकत होतो. भंडाऱ्याचं मला एक वाक्य सांगता येईना. अब्बा घरी यायचे तेव्हा अंगाला धुराचा वास असायचा, आणि शाळेत मी सांगायचो की तो इंजिनाचा आहे.

"त्यालाच विचार," थोरला म्हणाला.

पहिल्या शुक्रवारी फोनवर विचारलं तर अब्बा म्हणाले, "आता कशाला?" आणि खोकले. भावाने सांगितलं, हल्ली रोजच खोकतात.

दुसऱ्या शुक्रवारी मी पुन्हा विचारलं. मग म्हणाले, "चूल लाकडी पेटीत. आत वाळू. दर्या खवळला की टोप दोरीने चुलीला बांधायचो, आणि मला टोपाला."

"स्वतःला का?"

"टोप गेला तर सोळा माणसं उपाशी. मी गेलो तर पंधरा जेवतात."

पंचवीस वर्षं मी बहरीनमध्ये थापा मारतोय. देवमासे आणले, वादळं आणली, एकदा तर समुद्र मधोमध दुभंगून दाखवला. या एका वाक्याजवळ पोचेल असं माझ्याकडे काही नव्हतं, आणि हे खरं होतं, आणि इतकी वर्षं ते आमच्याच पडवीत बसलेलं होतं. मी ते कागदावर लिहून गच्चीवर नेलं. थोरल्याने माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि मग बराच वेळ नुसत्या खालच्या तारा वाजवत बसला.

तिसऱ्या शुक्रवारी अब्बा स्वतःहून सुरू झाले. जेवण तयार झालं की झाकणावर पळीचे तीन ठोके द्यायचे. "नाखवासुद्धा माझ्या ठोक्यावर उठायचा," ते म्हणाले, आणि मला वाटतं ते थोडे हसले. सगळ्यांचं झालं की शेवटी स्वतः, बुडाला धरलेली खरपुडी, कालवण उरलं तर कालवण. आणि मग म्हणाले, "मनामाला आमचं गलबत लागलं होतं तेव्हा काय झालं तुला म्हायत हाय?"

मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. मनामातल्या बाब अल बहरीन वेशीच्या मागच्या गल्ल्यांत मी हजारदा फिरलोय. त्यांचे पाय तिथे लागले होते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणजे मी विचारलंच नव्हतं. माझ्या थापेतला नाखवा मनामाला आला होता. भंडारीही आला होता.

"काय झालं अब्बा?"

पण खोकला आला. थांबेना. पाण्याचा पेला, भावजयीचा आवाज, मग अब्बा पुन्हा फोनवर. "दम लागलाय. ते पुढच्या शुक्रवारी सांगतो."

भाऊ फोन बाजूला घेऊन गेला असावा. हळू आवाजात म्हणाला, "तू ये."

"येतो. इंशाल्ला, पुढच्या आठवड्यात. गाणं होत आलंय, घेऊनच येतो."

"गाणं राहू दे रे. तू ये."

गच्चीवर थोरलाही तेच म्हणाला. "जा. गाणं थांबेल. तुझ्या नाखव्याच्या गाण्यालाच काय ती घाई होती."

मी गेलो नाही. दुकान होतं, एका लग्नाचा साउंड घेतला होता, पण ती सगळी सांगायची कारणं. खरं कारण एवढंच की मला रिकाम्या हाताने दारात उभं राहून, चुकलो अब्बा, असं म्हणायचं नव्हतं. मला स्पीकर लावायचा होता. ओटीवर सगळा मोहल्ला जमवायचा होता, ते वजूच्या हौदावरचे दोन खलाशी पुढे बसवायचे होते, आणि गाणं सुरू झालं की मी मध्ये उभा राहणार होतो. म्हणजे माफी मागायलासुद्धा मला कार्यक्रम हवा होता. तिकीट शनिवारचं काढलं.

गुरुवारी सकाळी दुकान उघडत होतो तेव्हा भावाचा फोन आला. अब्बा फजरच्या, पहाटेच्या नमाजाच्या वेळी गेले. असरच्या, दुपारनंतरच्या नमाजाआधी त्यांना मातीही देऊन झाली, आपल्याकडे थांबत नाहीत, आणि थांबूही नये. मी शनिवारच्याच तिकिटावर गेलो. ओटीवर माणसं बसली होती. त्या दोन खलाशांनी उठून मला जवळ घेतलं. मला त्यांचा राग करायचा होता, तोही जमला नाही; त्यांच्यातला एक माझ्यापेक्षा जास्त रडत होता. मी त्याला विचारलं, "मनामाला काय झालं होतं?" तो म्हणाला, "कधी? आम्ही तर किती वेळा गेलो." भावाला विचारलं, भावजयीला विचारलं. कुणाला माहीत नव्हतं. ते अब्बांनी माझ्यासाठी ठेवलं होतं.

पंधरा दिवसांनी परत आलो तर दोघं माझी वाट बघत होते. थोरल्याचा व्हिसा संपत आला होता. मॉलवाल्यांनी नवा करार दिला नव्हता, तो घरी जाणार होता. गाणं तयार होतं. धाकट्याने माझ्या दुकानातल्या पत्र्याच्या डब्यावर चमचा मारून तीन ठोके रेकॉर्ड केले होते आणि सगळा ताल त्यांवर उभा केला होता. चूल होती, वाळू होती, दोरी होती, पंधरा माणसं जेवत होती. मग मनामाचं कडवं आलं आणि तिथे शब्दच नव्हते. ताल बंद. एकटा कोरा चालला होता, पूर्ण कडवंभर.

"इथे काय?" मी विचारलं.

"इथे तुझ्या बापाने सांगितलं नाही," थोरला म्हणाला. "म्हणून मीही सांगत नाही."

"मी देतो की काहीतरी. बाजारात गेले असतील, काही विकत..."

त्याने हात वर केला. माझ्या डोक्यात तोवर तीस गोष्टी तयार झाल्या होत्या, सगळ्या गाण्यावर बसण्यासारख्या. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या तशाच आत ठेवल्या.

त्या महिन्यात आमच्या लोकांचं एक जेवण होतं, त्याच हॉलमध्ये. मी माइक घेतला. अर्धे लोक मला बघूनच हसायला लागले, म्हणजे आता लुंग्या येणार.

"गेल्या वेळी मी खोटं सांगितलं," मी म्हणालो. "माझे अब्बा नाखवा नव्हते. भंडारी होते. टोप घासायचे."

हॉल खदखदून हसला. मागून कुणी म्हणालं, "आता भंडारी झाला काय? पुढल्या वर्षी टोपच होईल." दुसरा म्हणाला, "देवमाशाचं सांग, त्याला कोण जेवायला घालायचं?" टाळ्या पडल्या. मी म्हणालो, हे खरं आहे. त्यावर अजून हसले, कारण ते वाक्य मी प्रत्येक थापेत घालतो. मी म्हणालो, ते गेले, गेल्या महिन्यात. तेव्हा पुढच्या दोन-तीन रांगा गप्प झाल्या, मागच्यांपर्यंत ते पोचलंच नाही. मी थोरल्याकडे बघितलं.

"तू सांगितलंस," तो म्हणाला. "खलास. आता बस."

मी जाऊन साउंडच्या मिक्सरपाशी बसलो. तीन ठोके पडले, ताल सुटला, आणि लोक उठले. नाचण्यासारखंच होतं ते, धाकट्याने मन लावून केलं होतं. पोरांनी रिंगण धरलं. मागून कुणी ओरडत होतं, नाखव्याचं लावा, पण पाय या तालावरच पडत होते. दोरी आली, सोळा माणसं आली, पंधरा जेवली.

मग मनामाचं कडवं आलं. धाकट्याने लॅपटॉपवरून बोट उचललं, ताल थांबला. नाचणारे वर उचललेल्या हातांनी तसेच उभे राहिले, आणि मग एकेक करून सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"ओ साउंडवाले, आवाज गेला."

"झोपला काय रे हा? वायर बघ."

एक जण मिक्सरजवळ येऊन माझ्या खांद्याला हात लावून म्हणाला, "भाई, काहीतरी निघालंय. नीट कर ना."

मी दोन्ही हात मांडीवर ठेवले. समोर थोरला डोळे मिटून वाजवत होता. "काही निघालेलं नाही," मी त्या खांद्याला हात लावणाऱ्याला म्हणालो. "एवढंच आहे." तो बायकोपोरांना घेऊन जेवणाच्या रांगेत गेला.